बियाची काकडी

मी दाजींना फार बोलते असं सगळे म्हणतात. बोलते. पाणीपुरवठ्याच्या तक्रार खिडकीवर मी नोकरीला आहे. दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या ऐकायच्या, "हो साहेब, नोंद केली साहेब" करायचं, आणि संध्याकाळी पुन्हा मूग गिळून बसायचं, हे मला जमत नाही. त्यात दाजी म्हणजे ऐकून घ्यायला तयार माणूस. त्यांच्या ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असतात, त्यामुळे उलट उत्तराचा प्रश्नच येत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. धंद्याने टेलर. रस्त्याला लागून असलेली पुढची खोली म्हणजे दुकान. खिडकीशी मशीन, मधोमध कापड बेतायचं लांब टेबल, भिंतीला आरसा आणि त्याखाली गिऱ्हाइकांच्या मापांच्या वह्यांची चळत. एके काळी तिथे सूट शिवले जायचे. आता लोक तयार कपडे घेतात आणि दाजींकडे येतात ते चेन बदलायला, पँट आखूड करायला, नाहीतर कंबर सैल करायला. "मास्तर, पोट नाही हो वाढलं, पँटच आटली," असं गिऱ्हाईक म्हणालं की दाजी मान डोलावतात आणि गुपचूप दीड इंच सोडतात. कुणाला खोटं पाडणं त्यांच्या स्वभावात नाही.

त्यांना खोड एकच. लोंबता दोरा दिसला की त्यांना राहवत नाही. दोरे कापायची छोटी कात्री कायम शर्टाच्या खिशात. बसस्टॉपवर उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या बाहीचा दोरा कापून हे मोकळे. एकदा बँकेत मॅनेजरच्या कोटाचा कापला, तर तो बिचारा खुर्चीसकट मागे सरकला. ताई कपाळाला हात लावायची. "अहो, एक दिवस लोक खिसेकापू समजून बडवतील तुम्हाला," म्हणायची. हे म्हणायचे, "बरं." दुसऱ्या दिवशी परत तेच.

घराच्या मागच्या अंगाला ताईची बाग होती. बाग कसली, बारा पावलं लांब आणि सात पावलं रुंद असा तुकडा. पण त्यात तिने काय लावलं नव्हतं ते विचारा. काठ्यांना बांधलेले टोमॅटो, सुतळीवर चढवलेला घेवडा, वांगी, मिरच्या, कोपऱ्यात हातपाय पसरून बसलेला भोपळा. आणि मागच्या भिंतीला जाळी ठोकून तिच्यावर काकडी. बत्तीस वर्षांत दाजी त्या बागेत गेले ते फक्त भिजवलेलं कापड वाळत घालायला. पुढची खोली त्यांची, मागचं अंगण तिचं, आणि मधल्या स्वयंपाकघरात दोघांची गाठ पडायची. मूलबाळ नव्हतं. त्यावर आता गळा काढण्यात अर्थ नाही.

त्या काकडीचं मात्र सांगायला हवं. बी आमच्या आईचं. दिसायला काही खास नाही, आखूड, फिकट, पाठीवर पांढरट रेघा. पण कडू निघायची नाही. कधीच नाही, अगदी देठाशीसुद्धा नाही. आई गेल्यावर तिच्या वस्तू आम्ही दोघींनी वाटून घेतल्या, पण बी ताईने घेतलं, कारण मी राहते तिसऱ्या मजल्यावर आणि माझ्या हातून कुंडीतली कोरफडसुद्धा मरते. ताई काकड्या गल्लीभर वाटायची, बी कुणाला द्यायची नाही. "काकडी खा, बी मागू नका," असं तोंडावर सांगायची. दहा घरी गेलं की दहा घरच्या काकडीशी मिसळून त्याचं भलतंच काहीतरी होतं, असं तिचं म्हणणं. दरवर्षी नवं बी धरायचं आणि पुढच्या वर्षी सगळंच्या सगळं पेरून टाकायचं, ही तिची रीत. जुनं काही डब्यात उरायचं नाही. म्हणजे आईची काकडी पुढे चालायची तर ती त्या वर्षीच्या वेलावरच्या दोन-तीन फळांवर.

बी धरायचं म्हणजे काय, तर चांगल्या वेलावरची चांगली काकडी खायला काढायचीच नाही. ती वेलावर पिवळी होऊ द्यायची, मग तपकिरी, जाड सालीची, कुणी तोंड लावणार नाही अशी. दीड-दोन महिने जातात. ताई अशा तीन काकड्या निवडायची आणि चुकून हात जाऊ नये म्हणून त्यांच्या देठांना दाजींच्या दुकानातला लाल दोरा बांधायची. मला यातलं काही करता येत नाही, पण सांगता सगळं येतं. आईचं आणि ताईचं ऐकत मोठी झाले.

या उन्हाळ्यात ऐन मध्यावर ताईला दवाखान्यात ठेवावं लागलं. नऊ दिवस. आठव्या दिवशी तिने दाजींना सांगितलं, "काकडी रोज काढत जा. वेलावर राहिली की वेल धरायचा थांबतो." दाजी म्हणाले, "बरं." ते चहा आणायला खाली गेले तशी मला म्हणाली, "तीन काकड्यांना दोरे बांधलेत. बी तू धर. ह्यांना त्यातलं कळत नाही."

मी म्हणाले, "तू घरी ये आणि तूच धर. मला असली कामं सांगू नकोस."

हे माझं तिच्याशी शेवटचं बोलणं. नवव्या दिवशी पहाटे ती गेली.

मी रडले नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघत होते, मला कळत होतं, पण रडू आलंच नाही. भूक लागली की जेवत होते, झोप आली की झोपत होते. चौथ्या दिवशी कामावर गेले आणि तीन दिवस नळाला पाणी नाही म्हणणाऱ्या एका बाईची तक्रार नीट नोंदवून घेतली. दाजी तर तिसऱ्याच दिवशी मशीनवर बसले. मी दारात जाऊन उभी राहिले, तर कुठल्याशा गणवेशाची बाही लावत होते. "आज द्यायचीय," म्हणाले. मी म्हणाले, "द्या," आणि आल्या पावली परत गेले. त्यानंतर दहा-बारा दिवस मी तिकडे फिरकले नाही. दोरे लक्षात होते. उद्या जाऊ, उद्या जाऊ, असं करत राहिले.

शेवटी गेले तेव्हा बेतायच्या टेबलावर कापड नव्हतं, भाजी होती. टोमॅटो लहान, मध्यम, मोठे अशा तीन रांगांत. घेवडा लांबीप्रमाणे लावलेला. वांग्यांचे देठ सगळे एका बाजूला. आणि पंचवीसेक काकड्या. आयुष्यात ज्या माणसाने मिरची तोडली नव्हती, त्याने ताईचा शब्द असा पाळला होता.

मी तडक मागे गेले. जाळी खालपासून वरपर्यंत चाळली. एकाही देठाला दोरा नाही, आणि काढण्याजोगी एकही काकडी नाही.

"दाजी, लाल दोरे कुठे आहेत?"

"कुठले?"

"काकडीच्या देठाला बांधलेले. तीन."

त्यांनी ओठांतल्या टाचण्या काढून मनगटावरच्या उशीत एक-एक खोचल्या. "ते लोंबत होते," म्हणाले. "कापड घालायला गेलो होतो तेव्हा दिसले. कापले."

"कधी?"

"ती दवाखान्यात गेली त्याच्या आदल्या दिवशी."

"आणि काकड्या?"

"रोज काढतो ना. तिनेच सांगितलंय."

मग माझ्या तोंडाचा पट्टा सुटला तो काही थांबेना. बत्तीस वर्षं एका घरात राहून बायको देठाला दोरा कशाला बांधते हे विचारावंसं वाटलं नाही का? डोळ्यांना काय फक्त शिवणच दिसते का? आईपासून आलेलं बी तुमच्या एका कात्रीने गेलं, कळतंय का काही? दाजी ऐकत होते. मी काय काय बोलले हे मला पूर्ण आठवतही नाही. एवढं आठवतं की बोलताना मला मनात ठाऊक होतं, मी वेळेवर आले असते तर त्या तिन्ही वेलावर सापडल्या असत्या. ते मात्र मी बोलले नाही.

माझं संपल्यावर ते म्हणाले, "बरं."

"बरं काय, बरं!"

"मग आता काय करायचं, ते सांग."

वेल जिवंत होते एवढंच नशीब. खालच्या पानांवर भुरी दिसायला लागली होती, पीठ भुरभुरवल्यासारखी. पण शेंड्यांना पिवळी फुलं होती आणि फुलांमागे करंगळीएवढ्या काकड्या. मी तीन निवडल्या. ह्यांना हात लावायचा नाही म्हणून बजावलं. दोरा बांधायची सोय नव्हती, ते उघडच होतं.

"किती दिवस?" दाजींनी विचारलं.

"दीड महिना तरी."

"वेल तोवर टिकेल?"

"टिकवायचा," मी म्हणाले. कसा, ते मलाही माहीत नव्हतं.

त्या दिवसापासून मी एक दिवसाआड जाऊ लागले. वाटेत ऊन, अंगाची लाही लाही व्हायची. जायचं, दाजींना बोलायचं, यायचं. दुःख वगैरे काही वाटत नव्हतं. कामाची यादी असायची डोक्यात आणि ती एक-एक करून संपवायची. दाजींचंही तसंच असावं. ताईबद्दल ते अगदी नीट बोलायचे. "ती असताना असं करायची. ती होती तेव्हा पाणी सकाळी घालायची." कुठे अडखळणं नाही की आवाज कापरा होणं नाही. गिऱ्हाईक हळहळायला लागलं की ते टेप काढून माप घ्यायला लागायचे.

भुरीवर मी आईचा उपाय सांगितला, एक वाटी दूध आणि नऊ वाट्या पाणी, दर तीन दिवसांनी पानांवर फवारायचं. दाजींनी ते इतकं मन लावून केलं की मांजरं गोळा व्हायला लागली. फळमाशीचं अजून वेगळंच. ती कोवळ्या काकडीला टोचते, आत अंडी घालते, मग काकडी एका अंगाने वाकडी होते आणि आतून सडते. मी म्हणाले, पिशवी घालायला हवी प्रत्येकीला. माझ्या डोक्यात आपली कागदाची पिशवी. पुढच्या वेळी बघते तर तिन्ही काकड्यांना पातळ अस्तराच्या कापडाच्या पिशव्या, वर ओढायची नाडी, आतली शिवणसुद्धा दुमडून पक्की केलेली.

"एवढी मोठी कशाला?" मी विचारलं.

"दोन-तीन इंच जास्त ठेवलंय," दाजी म्हणाले. "वाढत्या अंगाचं आहे."

मला हसू यायला हवं होतं. ताई असती तर पोट धरून हसली असती. मी म्हणाले, "नाडी सैल बांधा, देठ कापेल."

रोज सकाळी ते पिशवी सोडून टेपने काकडीचं माप घ्यायचे आणि वहीत लिहून ठेवायचे. मापांच्या त्याच वहीत. वर कुणा वकिलाची छाती आणि बाही, खाली काकडी पहिली, लांबी साडेचार, कंबर पाच. मी ते पान पाहिलं आणि वही मिटली.

बाकीच्या बागेचं ऐन उन्हाळा सरताना जे होतं तेच झालं. एकदम सगळं आलं. घेवडा इतका की आज काढला नाही तर उद्या दोरे धरलेला. वांगी झाडांना पेलवेनात. भोपळ्याने मिरच्यांवर चाल केली. दाजी गिऱ्हाइकांना कपड्यांबरोबर भाजी द्यायला लागले. पँट दुरुस्तीला टाकलेला माणूस घरी जाऊन पिशवी उघडायचा तर पँटेत गुंडाळलेली चार वांगी. माझ्या दाराच्या कडीला रोज एक पिशवी लटकलेली. मी टोमॅटो शिजवले, शेजारी दिले, ऑफिसात नेले. आमच्या साहेबांनी विचारलं, "घरी काही कार्य आहे का?" मी म्हणाले, "नाही, पीक आलंय."

त्यातले निम्मे टोमॅटो तडकलेले, काहींची बुडं काळी पडलेली. मी दाजींना पाणी कसं घालता ते विचारलं. त्यांनी एक मग दाखवला. प्रत्येक झाडाला एक मग, मिरचीला एक, भोपळ्यालाही एक. "सगळ्यांना एका मापाचे कपडे शिवता का?" मी ओरडले. "आणि परवा विसरलात, मग काल दुप्पट घातलंत, असंच ना? म्हणून तडकतात ते!" दाजींनी विचार केला. "माप घ्यायला हवं होतं आधी," म्हणाले. पुढच्या खेपेला प्रत्येक झाडापाशी कापडाची पट्टी खोवलेली होती आणि तिच्यावर पाण्याचा आकडा.

तीनपैकी पहिली काकडी पंधराव्या दिवशी गेली. पिशवी घालायच्या आधीच माशीने टोचलेली असणार. हात लावला तर मऊ लागली, पिशवीतून पाणी गळत होतं. दुसरी चांगली हातभर नाही पण वीतभर झाली, पिवळी पडायला लागली, आणि एका सकाळी पिशवीला भोक आणि आत अर्धीच काकडी. उंदीर. दाजींनी ती उरलेली अर्धी टेबलावर आणून ठेवली होती. मी कापून पाहिली, बी कोवळंच होतं, नखाने दबत होतं. दाजी दुपारभर तारेची बारीक जाळी कापत बसले आणि तिसरीभोवती पिंजरा केला.

मग भुरी वर चढली. दूध फवारून फवारून आम्ही तिला तीन आठवडे रोखलं होतं, त्याउपर ती ऐकेना. पानं पांढरी झाली, मग करकरीत वाळली. सगळे वेल एकामागून एक बसले. तिसऱ्या काकडीचा वेल शेवटपर्यंत राहिला. वर दोन पानं हिरवी आणि खाली पिशवीत ती, पिवळी, मग गडद पिवळी, मग तपकिरी. दाजींचं माप चालूच होतं. शेवटचे आठ दिवस वहीत एकच आकडा आहे. वाढ थांबली होती, पण ते लिहीत होते.

देठ वाळला तेव्हा मी रविवारी सकाळी जाऊन काकडी काढली. स्वयंपाकघरात उभी चिरली. आत बी भरलेलं, टणक, नखाने दबत नव्हतं. दाजी माझ्या खांद्यावरून बघत होते. "झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं. आता घाई करायची नाही."

गर आणि बी काचेच्या वाडग्यात पाण्यात ठेवलं. तीन दिवस आंबू द्यायचं, म्हणजे बियांभोवतीचं बुळबुळीत आवरण सुटतं. वास सुटला तसा दाजींनी नाकाला रुमाल बांधला, पण वाडगा हलवला नाही. बुधवारी कामावरून येताना मी ते धुतलं. पोकळ बी वर तरंगतं, ते ओतून दिलं. खाली बसलेलं चांगलं बी सुती कापडावर एकेक सुटं करून पसरलं आणि कापड खिडकीपासून लांब, सावलीत, टेबलाच्या टोकाला ठेवलं. मोजलं नाही, पण शंभराच्या वर असेल.

"चार-पाच दिवस असंच राहू द्या," मी दाजींना सांगितलं. "उन्हात ठेवायचं नाही. पण ओलही राहता कामा नये. ओल राहिली की बुरशी धरते आणि मग सगळं गेलं. यात आता चूक झाली ना दाजी, तर तुम्ही आहात आणि मी आहे. तिसरी संधी नाही. ऐकताय ना? बुरशीचा एक ठिपका मला दिसता कामा नये."

"बरं," दाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. पाऊस नाही, नुसता दमटपणा. कपाटातलं कापडसुद्धा हाताला गार लागत होतं. शुक्रवारी दुपारी ऑफिसच्या फोनवर दाजींचा आवाज. ते कधी फोन करत नाहीत. त्याच वेळी मोठी पाइपलाइन फुटली होती, समोरचे चारही फोन वाजत होते.

"ते कापड अजून ओलं लागतंय," दाजी म्हणाले. "मी विचारत होतो..."

"दाजी, आत्ता नाही! संध्याकाळी येते," म्हणून मी फोन ठेवला.

संध्याकाळी गेले तर ते दुकानाच्या दारातच उभे होते. ताई गेल्यापासून मी त्यांना वाट बघत उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. मला टेबलापाशी घेऊन गेले. कापड तसंच होतं, त्याच्यावर बी तसंच एकेक सुटं. "बघ," म्हणाले. "खडखडीत. ओल म्हणून नाही."

मी एक बी उचललं. ते पांढुरकं असायचं, ते बिस्किटासारखं झालं होतं. कापडाला किंचित भाजका वास येत होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला इस्त्री उभी होती, अजून गरम.

"वरून दुसरं कापड घातलं होतं," दाजी सांगत होते. "नुसती अलगद फिरवली. पाणी न मारता. दोनदा. बुरशीचं नाव नको म्हणून."

मी बी कापडावर परत ठेवलं. मला भीती वाटली. सगळ्या उन्हाळ्यात मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ती भीती होती. मी म्हणाले, "दहा बिया नेते घरी. बघू उगवतात का."

"का? झालं ना नीट?"

"बघू," मी म्हणाले आणि निघाले.

दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या. काकडीचं बी चांगलं असेल तर चौथ्या दिवशी मोड येतो. चौथ्या दिवशी फडकं उलगडलं, काही नाही. पाचव्या दिवशी काही नाही. सहाव्या, सातव्या. आठव्या दिवशी बिया बोटांत चेमटल्या आणि आतून चिकट पाणी आलं. मी हात धुतला, डबा धुतला, आणि कामावर गेले.

रविवारी सकाळी गेले. दाजी मागे होते. वाळलेले वेल जाळीवरून सोडवत होते, ताईसारखे ओरबाडून नव्हे, शिवण उसवावी तसे एकेक धागा सोडवत. मला बघून त्यांनी हात थांबवला.

"एकही नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"इस्त्रीने?"

"हो."

"सगळंच गेलं असेल? की त्या दहाच?"

"सगळंच, दाजी."

ते बादली उपडी करून तिच्यावर बसले. हातातला वेल तसाच हातात. शेजारी कुणीतरी भांडी घासत होतं.

"तू ओरडत का नाहीस?" ते म्हणाले. "ओरड ना."

"नाही ओरडत."

"दोऱ्याच्या वेळी ओरडलीस."

"तेव्हा ओरडले," मी म्हणाले. "तुम्ही फोन केलात आणि मीच ठेवला, दाजी. त्यात तुमचं काय?"

त्यांनी मान हलवली. ती पटल्याची खूण होती की नव्हती, कळलं नाही. मग त्यांनी मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, माझ्याकडे सरकले आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "तिला सांगू नकोस हं. उगाच जिवाला लावून घेईल."

मीही त्या दाराकडे पाहिलं.

"नाही सांगणार," मी म्हणाले, तितक्याच हळू.